व्हेंटिलेटरच्या रेषा वाचणारं कुणीतरी हवं

पावसाळा लागला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या दवाखान्यांत पहाटेच्या वेळी असा रुग्ण येतो: रात्री जमिनीवर झोपलेला, पोटात दुखतंय म्हणून उठलेला, पापण्या मिटत चाललेल्या, जीभ जड. दंशाची खूण बरेचदा सापडतही नाही. मण्यार चावलेली असते. तिचं विष नसांच्या टोकांना निकामी करतं आणि हळूहळू श्वासाचे स्नायू थांबतात. एकदा ती टोकं बाधली की सर्पदंशावरचं प्रतिविष नुकसान भरून काढू शकत नाही. टोकं पुन्हा तयार व्हायला काही दिवस लागतात आणि तोवर श्वास यंत्रानेच द्यावा लागतो. या रुग्णाची फुप्फुसं बहुधा धडधाकट असतात. वेळेवर पोचलेला असा माणूस दगावता कामा नये.

1952 साली कोपनहेगनमध्ये असाच श्वास थांबवणाऱ्या पोलिओची साथ आली, तेव्हा ब्यर्न इब्सेन या डॉक्टरांच्या सल्ल्याने वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने हवेची पिशवी दाबत रुग्ण जगवले. फुप्फुस किती ताठर झालंय, हवा कुठे अडतेय, ते हाताला कळायचं. आता ते व्हेंटिलेटरच्या स्क्रीनवर दिसतं, दाब, हवेचा प्रवाह आणि आत गेलेली हवा अशा तीन रेषांत.

त्यातली प्रवाहाची रेषा सर्वांत बोलकी. श्वास सोडताना ती शून्याच्या खाली जाते आणि पुन्हा शून्याला टेकते. टेकण्याआधीच पुढचा श्वास सुरू झाला, तर हवा आत साठत चालली आहे. दम्याच्या किंवा वर्षानुवर्षं विडी ओढलेल्या रुग्णात हे बरेचदा घडतं, आणि छातीत दाब वाढून रक्तदाब कोसळू शकतो. अशा वेळी श्वासांची संख्या कमी करून हवा बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. हीच रेषा करवतीसारखी दातेरी झाली, तर नळीत कफ किंवा पाणी आहे. मण्यारीच्या रुग्णाला लाळ गिळता येत नाही, म्हणून त्याच्याकडे तर सारखं लक्ष हवं. आत गेलेल्या हवेची रेषा खाली येताना शून्यापर्यंत पोचत नसेल, तर कुठेतरी गळती शोधायची.

मण्यारीच्या रुग्णात काही दिवसांनी दाबाच्या रेषेत श्वासाआधी छोटीशी घट दिसू लागते. रुग्णाने स्वतः श्वास ओढायचा प्रयत्न केलेला असतो. तोपर्यंत त्याच्या बाहुल्याही हलत नसतील, पण म्हणून मेंदू गेला असं धरू नये. तो शुद्धीवर असू शकतो, त्याला ऐकू येत असतं. त्याच्या खाटेपाशी जपून बोलावं.

करोनाच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत यंत्रं पोचली. पण भामरागडहून गडचिरोलीला यायचं म्हणजे दीडशे किलोमीटरहून जास्त रस्ता, त्यात पावसाळ्यात पर्लकोटा नदीचा पूर. इतक्या लांबून आलेल्या माणसासमोर यंत्र असावं आणि ते वाचणारं कुणी नसावं, हे मान्य करता येत नाही. प्रत्येक पाळीला या रेषा वाचता येणारी एक तरी सिस्टर आयसीयूत असावी, अशी मागणी आपल्या आमदारांकडे लावून धरा. आणि घरात कुणाला साप चावल्याची नुसती शंका आली तरी मांत्रिकाकडे न जाता 108 ला फोन करा.