मोटारसायकलचं क्रोम घरीच काळं करताय? मग हे वाचाच!

तरुण मंडळींच्या आवडीचं काही सांगता येत नाही बघा! एके काळी मोटारसायकलची शान म्हणजे तिचं लखलखतं हँडल आणि आरशासारखा सायलेन्सर. रविवारी सकाळी ते फडक्याने पुसणं हा घरोघरचा कार्यक्रम असे. आता मात्र तीच चकाकी नकोशी झाली आहे. सगळं कसं काळंभोर हवं! मग चिरंजीव स्प्रेचा डबा घेऊन बाल्कनीत ठाण मांडतात. चिरंजीवच कशाला? हल्ली मुलीही बुलेट चालवतात. तेव्हा मैत्रिणींनो, हे काम तुम्ही स्वतः करणार असा किंवा घरात दुसरं कुणी, चार गोष्टी माहीत हव्यात.

रंग का सुटतो?

तेलकट डब्यावर चिठ्ठी चिकटते का? नाही ना? क्रोमचंही तसंच. तो थर कठीण आणि गुळगुळीत असतो, रंगाला धरायला जागाच नसते. गंमत म्हणजे हा मुलामा सहसा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. खरी चमक असते त्याखालच्या निकेलची. क्रोम फक्त तिला काळवंडू देत नाही. कल्हईवाला आठवा. भांडं घासूनपुसून घेतल्याशिवाय तो कल्हईला हात लावत नसे. इथेही घासकाम बारा आणे, रंगकाम चार आणे!

कुठे हात लावू नये?

पुढच्या चाकाजवळच्या फोर्कच्या चकचकीत नळ्या रंगवू नका. गाडी दचकली की त्या तेलाच्या सीलमधून खाली-वर सरकतात. रंगाच्या खपल्या सील खराब करतात, तेल गळू लागतं आणि ते ब्रेकवर आलं तर जिवाशी खेळ. मागच्या शॉक-ॲब्सॉर्बरचा सरकता दांडाही तसाच सोडा. हेडलाइटच्या आतली चकाकी आणि लाल-पिवळे रिफ्लेक्टर यांनाही रंग नको. काळी गाडी अंधारात आधीच कमी दिसते.

कृती

शक्य तो भाग सोडवून घ्या. साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरडा करून थिनरने पुसा; पॉलिशचा अंशही राहता कामा नये. मग ३२० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर घ्या आणि भाग ओला ठेवून घासा. ओलं घासल्याने धूळ नाकात जात नाही. चमक जाऊन सगळीकडे सारखी मंद, राखाडी झाक आली की ४०० नंबरने हलका हात फिरवा. गंज किंवा फुगलेल्या खपल्या असतील तर त्या मुळापासून काढा. वरून काळं केलं की आत गंज वाढतच राहतो. खपल्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात, म्हणून हातमोजे हवेतच.

पुन्हा थिनरने पुसा आणि त्यानंतर बोटं लावू नका. नको तो भाग मास्किंग टेप आणि जुन्या वर्तमानपत्राने झाका. आधी एचिंग प्रायमरचा पातळ हात, मग काळ्या रंगाचे दोन-तीन. डबा एक वीत लांब धरून हात सतत फिरता ठेवा. एकदम जाड थर दिलात तर ओघळ आलेच म्हणून समजा! दोन हातांमध्ये किती वेळ थांबायचं, ते डब्यावर छापलेलं असतं.

सायलेन्सरला मात्र साधा रंग चालत नाही, तो जळून सुटतो. त्यासाठी उष्णता सोसणारा वेगळा रंग मिळतो. साधा प्रायमर त्याखाली नको. तो तापून पक्का होतो, म्हणून डब्यावरच्या सूचनेप्रमाणे इंजिन थोडा वेळ चालवावं, निवू द्यावं, पुन्हा चालवावं. हे उघड्यावरच करा. बंद जागेतला इंजिनचा धूर जीवघेणा असतो.

जपून हं!

स्प्रेचा फवारा पेट घेतो. स्वयंपाकघरालगतची बाल्कनी, देवापुढचा दिवा, उदबत्ती यांच्याजवळ हे काम नकोच. लहान मुलांना दूर ठेवा. तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही. रंगकामाचा फिल्टरचा मास्क आणा. क्रोम झटपट उतरवायला संडास धुण्याचं ॲसिड वापरा, असा सल्ला कुणी दिला तर तो मुळीच ऐकू नका. त्याच्या वाफा छातीला घातक, आणि उरलेल्या पाण्यातले धातूचे क्षार मोरीत ओतण्याजोगे नसतात.

पावसाळ्यातही हा उद्योग काढू नका. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम. पहिला प्रयोग आरशाच्या दांड्यावर करा, टाकीवर नव्हे. आणि रंग वाळला तरी आठवडाभर गाडी धुऊ नका.

आता सर्वांत महत्त्वाचं. घासलेलं क्रोम परत येत नाही. पुन्हा मुलामा द्यायचा तर कारखान्याची पायरी आणि मोठा खर्च. गाडी वडिलांच्या हातची, १९९६ साली बंद पडलेल्या म्हैसूरच्या कारखान्यातली येझदी असेल, तर मूळ भागांना पेपर लावूच नका. जुन्या बाजारातून तसेच दुसरे भाग आणा आणि ते खुशाल काळे करा. मूळचे भाग तेलाचा हात फिरवून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा. आवडी बदलतात. उद्या तुमची नातच म्हणेल, “आजी, ते चकचकीत हँडल कुठे गं?”