गिअर पडेना? पेटी खोलण्याआधी चार प्रश्न



लागण, खोडवा, खत, पाणी यांविषयी आम्ही या पानांवर नेहमीच लिहितो. या खेपेस गिअरपेटीविषयी लिहीत आहोत. शेतकी खात्याला हा उद्योग कुणी सांगितला, असे कुणी म्हणेल. पण फडात तोडलेला ऊस काही आपल्या पायांनी गव्हाणीत जात नाही. ट्रक किंवा ट्रॅक्टर वाटेत बसला की ऊसही तिथेच बसतो.

तोडलेला ऊस 24 तासांच्या आत गाळला जावा, असे आम्ही दर हंगामात सांगतो. उशीर झाला की ऊस वाळतो आणि त्याचे वजन घटते. हा तोटा ज्याचा ऊस त्याच्या पदरी. शिवाय उसातली साखर मोडू लागते आणि उतारा खाली येतो. उसाचा दर कारखान्याच्या उताऱ्याशी बांधलेला आहे, तेव्हा हा तोटा सगळ्याच सभासदांचा. एका गाडीचा गिअर अडला तर नुकसान एकट्या गाडीमालकाचे होत नाही, ते असे.

गिअरची तक्रार आली की पुष्कळ मालक मिस्तरीला सांगतात, "खोला पेटी." पेटी उतरवण्यात दिवस जातो, मजुरी जाते, आणि पुष्कळदा दोष निघतो क्लचमध्ये. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! म्हणून पाना हाती घेण्याआधी ड्रायव्हरला चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : इंजिन बंद असताना गिअर पडतात का?

गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, चाकांखाली दगड लावावेत, पुढेमागे कुणी उभे राहू नये. आधी इंजिन बंद ठेवून क्लच दाबून सगळे गिअर टाकून पाहावेत. मग इंजिन चालू करून तेच करावे. बंद असताना गिअर अलगद पडतात आणि चालू केल्यावर करकरतात, तर क्लच पुरता सुटत नाही असे समजावे. पेडलची मोकळी हालचाल फार वाढली आहे का ते पाहावे. किती असावी तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. क्लच तेलावर चालणारा असेल तर डबीतले तेल व गळती पाहावी. पेडल दोन-तीनदा मारल्यावर गिअर पडत असेल तर नळीत हवा शिरल्याचा संशय घ्यावा.

इंजिन बंद असतानाही दांडा जड जातो, तर दोष दांड्याच्या जोडणीत किंवा पेटीत. त्यातही आधी बाहेरचे पाहावे. सांधे गंजतात, बुश झिजतात, पिना वाकतात, आणि हे सारे पेटीला हात न लावता दिसते.

दुसरा प्रश्न : सगळे गिअर त्रास देतात की एकच?

सगळेच करकरतात, तर क्लच किंवा जोडणी. एकच गिअर टाकताना दात घासतात आणि बाकीचे ठीक पडतात, तर त्या गिअरची सिंक्रोनायझर रिंग झिजलेली असण्याचा संभव. मग पेटी खोलल्यावाचून गत्यंतर नाही, पण कुठे पाहायचे ते तरी मिस्तरीला ठाऊक असते. ज्या गाडीला अशा रिंगाच नाहीत, तिथे ड्रायव्हरचा हात आणि क्लच या दोहोंचाच विचार करावा.

तिसरा प्रश्न : त्रास थंडपणी होतो की तापल्यावर?

पहाटे गिअर जड पडतात आणि दोन-चार मैलांनंतर सुरळीत होतात, तर तेल फार जाड किंवा चुकीच्या ग्रेडचे असण्याचा संभव. पुस्तिकेत सांगितलेलेच तेल घालावे, मिळेल ते नव्हे. तापल्यावर आवाज वाढतो, तर तेलाची पातळी पाहावी. तेल काढताना बुचाला बारीक काळा लगदा चिकटला तर घाबरू नये, पण धातूचे कपचे निघाले तर गाडी कामावर पाठवू नये. तेल दुधासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे.

चौथा प्रश्न : गाडी मोकळी असताना की भरल्यावर?

भरल्या गाडीत चढावर इंजिन ओरडते पण वेग वाढत नाही, जळका वास येतो, तर क्लच घसरतो आहे. पेडलला मोकळी हालचालच उरलेली नाही का, ते आधी पाहावे. आणि धावत्या गाडीत गिअर आपोआप सटकत असेल, तर ती तक्रार एक दिवसही पुढे ढकलू नये. पेटीतली स्प्रिंग-गोळी, फोर्क किंवा दात झिजले की असे होते. भरल्या ट्रॉल्या उतारावर असताना गिअर सटकला तर इंजिनाची ओढ जाते आणि सारा भार ब्रेकवर येतो. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करणारे महाभागही आहेत. त्यांना मालकांनीच आवरावे. माणसाचा जीव डिझेलपेक्षा महाग आहे.

क्लचपेडल नसलेल्या गाड्या

काही नव्या ट्रकांत पेटी जुन्याच धर्तीची, पण क्लच दाबण्याचे व गिअर बदलण्याचे काम संगणकाच्या हुकमाने होते. त्यांना ए.एम.टी. म्हणतात. गिअर अडला तर आधी बॅटरीची टोके, हवेवर चालणारी यंत्रणा असल्यास हवेचा दाब, आणि वायरींचे जोड पाहावेत. सूचनेचा दिवा लागला तर बॅटरी काढून-लावून तो घालवू नये, दोषाची नोंद पुसली जाण्याचा संभव असतो. पूर्ण ऑटोमॅटिक पेटीत मात्र तेल हेच सर्वस्व. तेल काळे पडून जळका वास आला तर आतल्या क्लचप्लेटा जळू लागल्या आहेत असे समजावे. सगळ्याच गिअरांत गाडी घसरते तर तेलाची पातळी, फिल्टर व दाब, आणि एकाच गिअरात घसरते तर त्या गिअरची प्लेट किंवा व्हॉल्व्ह. म्हणजे दुसरा प्रश्न इथेही तोच.

ड्रायव्हरला दोन गोष्टी बजावून सांगाव्यात. धावत्या गाडीत क्लचवर पाय ठेवू नये आणि गिअरच्या दांड्यावर हात टाकून बसू नये. पहिल्याने प्लेट व बेअरिंग जाते, दुसऱ्याने फोर्क झिजतो.

खंडेनवमीला आपण सगळेच गाडीला हार घालतो. त्याच्या पंधरा दिवस आधी या चार प्रश्नांची उत्तरे ड्रायव्हरकडून कागदावर लिहून घ्यावीत आणि तो कागद मिस्तरीच्या हाती द्यावा. हंगाम सुरू झाल्यावर पेटी खोलायची म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

— ऊस विकास विभाग