फ्रान्समधील हिरव्या वाटा व त्यांखालची जमीन

फ्रान्स देशाच्या खेड्यापाड्यांतून गेल्या पाव शतकांत एक निराळ्याच जातीचा रस्ता ठिकठिकाणीं तयार झाला आहे. ह्या रस्त्यावर मोटार, मालट्रक व मोटारसायकल यांस मज्जाव असून पादचारी, सायकलस्वार व घोडेस्वार एवढ्यांसच तो मोकळा असतो. तेथील लोक त्यास 'हिरवी वाट' म्हणतात, आणि २००४ सालच्या सप्टेंबर महिन्यांत सरकारनें वाहतुकीच्या नियमांत तिची व्याख्या घालून तिला कायद्याचें रूपहि दिलें. सुटीच्या दिवसांत सायकलीच्या दोहों अंगांस पिशव्या लटकावून, मुलांबाळांसह, आठ-आठ दिवस ह्या वाटांनीं प्रवास करणारीं कुटुंबें तेथें पुष्कळ दृष्टीस पडतात.

शेतकऱ्यांच्या मासिकांत सायकलीच्या सहली कशास, असें कोणी विचारील. तर सायकल हा आमचा मुख्य विषय नव्हेच. ही वाट आली कोठून, तिच्याखालची जमीन कोणाची, आणि शेजारच्या खातेदाराचें तींत काय गेलें व काय आलें, हें मात्र जाणून घेण्याजोगें आहे. आमच्याप्रमाणें ज्यांचें आयुष्य बांध, वहिवाट व हद्दीच्या खुणा यांच्या दप्तरांत गेलें, त्यांस तर ह्या विषयाची गोडी लागल्यावांचून राहात नाहीं.

प्रथम लोहमार्गांची हकीकत सांगितली पाहिजे. १८७९ सालीं फ्रेसिने नांवाच्या मंत्र्याच्या योजनेस कायद्याची मंजुरी मिळाली. तालुक्याचें एकहि ठाणें आगगाडीवांचून राहूं नये, असा तिचा हेतु होता, आणि तिच्यांत आठ हजार किलोमीटरांहून अधिक नवे मार्ग योजिलेले होते. डोंगरदऱ्यांतून भराव घालून, खडक फोडून, शेतांचे तुकडे पाडून हे मार्ग गेले. पुढें मोटारबस आली आणि लहान मार्गांवरील गाड्या रिकाम्या धांवूं लागल्या. १९३८ सालीं सर्व रेल्वे कंपन्या एका राष्ट्रीय संस्थेंत विलीन झाल्यावर असे मार्ग झपाट्यानें बंद होऊं लागले व तो क्रम पुढें कित्येक दशकें चालला. रूळ उखडले गेले; मागें उरली ती खडीची एक लांबच लांब पट्टी, बाभळीसारख्या कांटेरी झुडुपांनीं भरलेली.

अशा एका पट्टीवर बरगंडी प्रांतांत, जिव्री गांवापासून क्लुनी गांवापर्यंत, १९९७ सालीं त्या देशांतील पहिली हिरवी वाट सुरू झाली. तिची लांबी ४४ किलोमीटर. सोन-ए-ल्वार जिल्ह्याच्या कौन्सिलनें रुळांच्या जागीं गुळगुळीत डांबरी पृष्ठभाग केला, रस्ते ओलांडण्याच्या ठिकाणीं खुंट व अडसर रोवले, आणि जुन्या स्टेशनांच्या इमारती सांभाळून ठेविल्या. जिव्री व बुसी ह्या गांवांकडील मद्याचीं द्राक्षें प्रसिद्ध असल्यामुळें वाटेच्या पहिल्या भागांत उतारावरचे द्राक्षमळे लागतात. पुढें सें-जांगू, कॉर्मातां, तेझे हीं गांवें ओलांडतां ओलांडतां कुरणें सुरू होतात व त्यांत शारोले जातीचीं पांढरीं गुरें चरतांना दिसतात. ही जात मांसाकरितां पाळतात. शेवटीं क्लुनी येथें इ. स. ९१० सालीं स्थापन झालेल्या मठाचे अवशेष आहेत. सपाटीची ही वाट म्हाताऱ्यांस व मुलांसहि झेपते, याचें कारण आगगाडीच्या इंजिनास चढ सोसत नसे. शंभरांत दोन-तीनांहून अधिक चढ लोहमार्गास क्वचितच असतो. इंजिनाची ही अशक्तता आज सायकलस्वाराच्या पथ्यावर पडली आहे!

आतां मुख्य मुद्याकडे वळूं. मोटारींपासून मुक्त अशी वाट पन्नास-पन्नास किलोमीटर अखंड मिळावी, तर तिच्याखालची जमीनहि अखंड व एका हातीं असावी लागते. लोहमार्गाची पट्टी सार्वजनिक मालकीची होती, आणि अशा सार्वजनिक जमिनीवर फ्रान्सच्या कायद्याप्रमाणें कितीहि वर्षें वहिवाट केली तरी हक्क उत्पन्न होत नाहीं. जेथें सरकारनें ती रीतसर मोडींत काढून शेजाऱ्यांस तुकड्यातुकड्यानें विकली, तेथें कोठें गोठा उभा राहिला, कोठें मका पेरला गेला, आणि मग सायकलस्वारास मध्येंच मोटाररस्त्यावर उतरावें लागतें. एक तुकडा गेला कीं उरलेल्या पट्टीची किंमत निम्म्यानें उतरते.

ह्याच्या उलट स्थिति तेथील जुन्या गाडीवाटांची आहे. ह्या वाटा गांवाच्या म्हणजे कम्यूनच्या खाजगी मिळकतींत धरल्या जातात. लोकांचा वापर असला तरी कायद्यानें त्या रस्त्यांच्या वर्गांत येत नाहींत. सबब तीस वर्षें कोणी बिनहरकत नांगरली, तर वाट त्याची होऊं शकते. १९४१ च्या कायद्यापासून पुढें विखुरलेल्या जमिनींचें एकत्रीकरण झालें (आमच्याकडे तसा कायदा १९४७ सालचा), त्यांतहि पुष्कळ वाटा नकाशावरून नाहींशा झाल्या. नेपोलियनच्या १८०७ च्या कायद्यानें झालेल्या मोजणीचे नकाशे पाहावेत, तर ज्या ठिकाणीं वाट दाखविली आहे तेथें आज गहूं उभा असतो. पाणंद व शिवरस्ता यांवरून होणारे तंटे ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस हें निराळें समजावून देण्याची गरज नाहीं. २०२२ सालच्या फेब्रुवारींतील कायद्यानें मात्र कम्यूनांस एक सवड दिली आहे. कम्यूननें आपल्या वाटांची मोजदाद हातीं घेतली असतां तीस वर्षांची मुदत जास्तींत जास्त दोन वर्षें थांबते, आणि वाटेचें सातत्य राखण्याकरितां शेजाऱ्याशीं जमिनीची अदलाबदलहि करतां येते. आमच्या मतें यांतील अदलाबदलीचें कलम फार शहाणपणाचें आहे. शेतकऱ्यास वाट नको असते असें नाहीं. ती शेताच्या मधून नको असते.

कालव्यांच्या कांठची गोष्ट याहून जुनी आहे. तूलूझपासून भूमध्यसमुद्राच्या बाजूस गेलेला मिदी कालवा सुमारें २४० किलोमीटर लांब असून तो १६६६ ते १६८१ ह्या काळांत खोदला गेला. त्याचा कर्ता प्येर-पोल रिके हा मिठाच्या कराचा मक्तेदार होता, हें आम्हां महसुलवाल्यांस अभिमानानें सांगण्यासारखें आहे. डोंगरांतील पाणी सें-फेरेओलच्या धरणांत अडवून, तें नोरूझच्या खिंडीवर आणून दोन्ही बाजूंस वांटण्याची युक्ति त्याची. कालवा पुरा होण्यापूर्वी कांहीं महिने, १६८० सालीं, तो वारला.

नावा ओढणाऱ्या घोड्यांकरितां कालव्यांच्या कांठानें वाट असे; तीच आज सायकलींस उपयोगी पडते. नौकानयनाच्या नद्यांवर तर कांठच्या खातेदाराच्या जमिनीवरच असा बोजा आहे. १६६९ च्या राजाज्ञेनें ओढवाटेकरितां २४ फूट व समोरच्या कांठीं १० फूट जागा मोकळी ठेवावयाची असे. आजच्या कायद्यांत ७.८० मीटर व ३.२५ मीटर असे विचित्र आंकडे आढळतात, ते ह्याच जुन्या फ्रेंच फुटांचें रूपांतर होत. राज्यें आलीं, गेलीं, मापें बदललीं, पण फूट हलला नाहीं!

तूलूझपासून पूर्वेस सुमारें ५० किलोमीटर ही वाट चांगली डांबरी आहे. त्यापुढें पुष्कळ ठिकाणीं ती मातीची व झाडांच्या मुळांमुळें उंचसखल होते. कांठावरील सुमारें ४२,००० प्लेन वृक्षांवर २००६ सालीं एका बुरशीचा रोग आढळला. पाण्यावाटे व नावांच्या घर्षणानें तो पसरतो, आणि लागण झालेलें झाड तोडून जाळण्यावांचून इलाज नाहीं. हजारों झाडें गेलीं. त्यांच्या जागीं एकच जात न लावतां निरनिराळ्या जाती लावल्या जात आहेत, ही गोष्ट आमच्या बागायतदारांनीं अवश्य ध्यानांत घ्यावी.

पश्चिमेस बोर्दोजवळ, १९३७ सालीं फ्रान्सची मोठी सायकल शर्यत जिंकणाऱ्या रोजे लापेबीच्या नांवाची वाट आहे. तीहि जुन्या लोहमार्गावरच असून क्रेओं गांवच्या स्टेशनांत आतां सायकलस्वारांची सोय लागते. ज्या देशानें १८९३ पासून १९५८ पर्यंत सायकलीवर कर घेतला, प्रारंभीं वर्षास १० फ्रँक, त्याच देशांत आज सायकलींकरितां सरकारी पैसा खर्च होतो, ह्याची गंमत वाटते.

शेतकऱ्यास यांतून मिळतें काय? वाट शेताजवळून गेली म्हणजे कुत्रीं, कचरा व फळांस लागणारे हात हे आलेच. ट्रॅक्टर पलीकडच्या तुकड्यांत नेण्याचा प्रश्नहि राहतो. मात्र ह्या प्रवाशाला मोटारवाल्यासारखें रात्रींतून शंभर कोस पुढें जातां येत नाहीं. दिवस मावळला कीं जेथें असेल तेथेंच त्यास अन्न व बिछाना हवा असतो. तेथें शेतघरांतील रिकाम्या खोल्या पाहुण्यांस भाड्यानें देण्याची प्रथा १९५१ पासून संघटित रीतीनें चालूं आहे, आणि कृषिमंडळांनीं १९८८ सालीं शेतावरील मुक्काम, भोजन व मालविक्री ह्यांकरितां एक सामायिक शिक्काहि काढला. सायकलस्वारांकरितां वेगळा शिक्का आहे. तो मिळण्यास घर आंखलेल्या मार्गापासून ५ किलोमीटरांच्या आंत असावें लागतें, सायकल कुलुपांत ठेवण्याची जागा व दुरुस्तीचीं हत्यारें द्यावीं लागतात. ज्याचें घर दहा किलोमीटरांवर आहे त्यास ह्याचा उपयोग थोडाच, हें उघड आहे.

वाचकांपैकीं कोणाचीं मुलें शिक्षणानिमित्त त्या देशांत असतील व त्यांस जिव्रीची वाट पाहावयाची असेल, तर मे, जून वा सप्टेंबर हे महिने बरे. सप्टेंबरांत द्राक्षतोडहि पाहावयास मिळते. क्लुनीच्या पुढें माकाँकडे जातांना सुमारें १,६०० मीटर लांबीचा ब्वा-क्लेरचा बोगदा लागतो. तेथें वटवाघळें हिवाळ्यांत निद्रा घेतात, म्हणून थंडीच्या महिन्यांत तो बंद ठेवितात. त्या दिवसांत सायकल हातीं धरून टेकडीवरून जावें लागतें.