बारीक संवेदनांचा जाच

सदऱ्याच्या गळपट्टीची शिवण आपणांस घटकाभरांत जाणवेनाशी होते; टुरेटच्या विकारांत ती दिवसभर टोंचत राहूं शकते. १८८५ सालीं फ्रेंच डॉक्टर जिल द ला टुरेट यांनीं वर्णिलेल्या या विकारांत डोळे मिचकावणें, मान झटकणें, नकळत आवाज काढणें हीं लक्षणें लोकांस दिसतात. हा जाच दिसत नाहीं. २०११ सालीं अमेरिकेंत १९ प्रौढ रुग्ण तपासले. बहुतेकांनीं मंद पण सतत येणाऱ्या संवेदना असह्य होतात असें सांगितलें. तथापि गंध व स्पर्श ओळखण्याची त्यांची शक्ति इतरांइतकीच भरली. अर्थात् दोष इंद्रियांचा नसून, आलेली संवेदना मागें सारणाऱ्या मेंदूच्या व्यापाराचा असावा. नागपूरच्या मिहानमधील एखाद्या कचेरींत वातानुकूल यंत्राच्या घरघरीनें असा सहकारी कासावीस झाला, तर त्यास नाजूक म्हणून हिणवूं नये. बसण्याची जागा बदलून द्यावी.