व्यासपीठ आणि उंबरठा : रिचर्ड बॅक्स्टरचा पाळकधर्म

प्रॉटेस्टंट पंथातील परंपरानिष्ठ मंडळ्यांच्या उपासनेत प्रवचनाला जे स्थान आहे, ते अन्य कोणत्याही विधीला नाही. वेदीवरील विधी मागे सरला आणि त्याच्या जागी उघडलेला धर्मग्रंथ व त्याचे विवरण करणारा उपदेशक आला, हे सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेचे सर्वांत ठळक दृश्य फल होय. श्रद्धा श्रवणाने उपजते, ही पौलाची शिकवण या मंडळ्यांनी अक्षरशः स्वीकारली. परंतु श्रवणाला एवढे महत्त्व दिल्यावर एक प्रश्न अटळपणे उभा राहतो. ऐकणाऱ्याच्या अंतःकरणात नेमके काय उतरले, हे बोलणाऱ्याने ओळखावे कसे? सतराव्या शतकातील एका इंग्रज पाळकाने या प्रश्नाला विलक्षण प्रामाणिकपणे तोंड दिले. रिचर्ड बॅक्स्टर (१६१५–१६९१) हे त्याचे नाव.

बॅक्स्टरच्या पाठीशी प्युरिटनांच्या प्रवचनशास्त्राची पक्की परंपरा होती. केंब्रिजच्या विल्यम पर्किन्सने १५९२ मध्ये प्रथम लॅटिनमध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात प्रवचनाची रीत घालून दिली होती. शास्त्रवचन वाचावे, शास्त्राच्याच आधारे त्याचा अर्थ उलगडावा, त्यातून सिद्धान्त काढावा आणि तो श्रोत्यांच्या आचरणाला लावून दाखवावा, ही ती रीत. उपदेशकाने विद्या अवश्य मिळवावी, पण व्यासपीठावर ती झाकून ठेवावी, असा त्याचा आग्रह होता. १६२१ ते १६३१ या काळात लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचा डीन असलेल्या कवी जॉन डनची प्रवचने रूपकांनी व पांडित्याने समृद्ध आहेत. प्युरिटनांची ‘सरळ शैली’ ही नेमकी त्याच्या दुसऱ्या टोकाला उभी आहे. पुढे १६४५ मध्ये पार्लमेंटने जुना प्रार्थनाग्रंथ बाजूस सारून वेस्टमिन्स्टर येथील धर्मपंडितांच्या सभेने सिद्ध केलेली उपासनेची मार्गदर्शिका लागू केली. ठरीव प्रार्थनांचे पाठ गेले आणि पाळकाच्या स्वतःच्या शब्दांवरील भार अधिकच वाढला.

सर्व श्रोते सारखे नसतात, हे पर्किन्सनेही जाणले होते. कोणी अज्ञ असूनही शिकण्यास उत्सुक, कोणी जाणता पण गर्विष्ठ, कोणी आधीच खचलेला. प्रत्येकाचे औषध निराळे. मात्र एका तासाच्या एका प्रवचनात ही सारी औषधे एकाच वेळी द्यायची, तर कोणाला काय लागू पडले याचा पत्ता लागत नाही. बॅक्स्टरने हाच पत्ता लावण्याचे ठरविले.

वूस्टरशायरमधील किडरमिन्स्टर हे विणकरांचे गाव. बॅक्स्टर तेथे १६४१ मध्ये उपदेशक म्हणून आला. यादवी युद्धामुळे त्याला गाव सोडावे लागले, आणि १६४७ मध्ये परतल्यावर सुमारे चौदा वर्षे तो तेथे राहिला. त्याच्या प्रवचनांना इतकी गर्दी होऊ लागली की चर्चमध्ये पाच सज्जे नव्याने बांधावे लागले. माग चालवता चालवता विणकर समोर पुस्तक ठेवून वाचू शकतात, ही सोय त्याने कृतज्ञतेने नोंदविली आहे. वरवर पाहता व्यासपीठाचा यापेक्षा मोठा विजय कोणता असू शकेल?

परंतु एकेका माणसाशी बोलू लागताच बॅक्स्टरला निराळेच आढळले. आठ-आठ, दहा-दहा वर्षे आपली प्रवचने ऐकणाऱ्यांपैकी काहींना ख्रिस्त देव की मनुष्य हेदेखील सांगता येत नव्हते. हे लोक चर्चमध्ये येत नव्हते असे नाही, की उपदेशक दुर्बोध होता असेही नाही. शब्द कानांवर पडत होते, पण प्रश्न विचारल्याखेरीज त्यांचे पुढे काय झाले ते कळत नव्हते. दहा वर्षांच्या जाहीर प्रवचनांनी जे साधले नाही, ते काही जणांच्या बाबतीत अर्ध्या तासाच्या निकट संभाषणाने साधले, असा अनुभव त्याने लिहून ठेवला आहे. जन्मभर व्यासपीठावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाची ही कबुली होती, म्हणून तिचे मोल अधिक.

यातून जी पद्धत आकाराला आली, ती अत्यंत साधी होती. पॅरिशमध्ये आठशेहून अधिक कुटुंबे होती. प्रत्येक कुटुंबाला आगाऊ निरोप जाई. सोमवारी आणि मंगळवारी बॅक्स्टर व त्याचा साहाय्यक मिळून आठवड्याला पंधरा-सोळा कुटुंबांची भेट घेत, म्हणजे वर्षभरात सारे पॅरिश पुरे होई. गावातील कुटुंबे बॅक्स्टरच्या घरी येत. बाहेरच्या वस्त्यांत साहाय्यक स्वतः जाई. प्रथम प्रश्नोत्तरीतील शब्द म्हणवून घ्यावयाचे, मग त्यांचा अर्थ विचारावयाचा आणि शेवटी तो अर्थ ज्याच्या-त्याच्या जीवनाशी जोडून द्यावयाचा, असा क्रम असे. अज्ञानामुळे वा संकोचामुळे एखादा अडखळला, तर त्याला अधिक न छेडता बॅक्स्टर स्वतःच समजावून सांगे. भेटीच्या वेळी त्या कुटुंबाखेरीज दुसऱ्या कोणाला तो जवळ बसू देत नसे. आपले अज्ञान शेजाऱ्यापुढे उघडे पडणार नाही, या खात्रीवाचून कोणीही खरे उत्तर देणार नाही, हे त्याने अचूक ओळखले होते.

येथे एक सूक्ष्म बदल घडला. व्यासपीठावर पाळक बोलतो आणि मंडळी ऐकते. या भेटीत मंडळी बोलते आणि पाळकाला ऐकावे लागते. न समजल्याचा दोष केवळ श्रोत्याच्या माथी मारून मोकळे होण्याची वाट त्यामुळे बंद झाली. प्रवचन दुय्यम ठरले असे मात्र नाही. गुरुवारी संध्याकाळी बॅक्स्टरच्या घरी लोक जमत, मागील प्रवचनाची उजळणी होई आणि ते आपल्या शंका मांडीत. कोणत्या घरात कोणती शंका आहे, हे ठाऊक असलेला उपदेशक रविवारी निराळ्या रीतीने बोलणार, हे उघड आहे. १६५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘द रिफॉर्म्ड पास्टर’ या ग्रंथाचा सारा रोख याच कर्तव्यावर आहे. वूस्टर येथे डिसेंबर १६५५ मध्ये भरणाऱ्या पाळकांच्या मेळाव्यासाठी तो मजकूर सिद्ध केला होता. प्रकृतीमुळे बॅक्स्टरला तेथे जाता आले नाही, म्हणून त्याचा ग्रंथ झाला.

या पद्धतीला मर्यादा होत्या. तिला साहाय्यकाची जोड लागे. किडरमिन्स्टरमध्ये बॅक्स्टर अविवाहित होता आणि आपल्या कार्याला त्याचा लाभ झाला, हे तोच सांगतो. संसारी पाळकाला इतका वेळ कोठून मिळणार? शिवाय निकटतेला शिस्तीची धार होती. प्रभुभोजनात सहभागी होणाऱ्यांनी मंडळीची शिस्त मान्य करावी, ही अट होती आणि असे सभासद सुमारे ६०० होते. अनेकांनी बाहेर राहणेच पसंत केले. उंबरठ्याशी येणारा पाळक सांत्वन घेऊन येतो, तशी देखरेखही घेऊन येतो, हे विसरून चालणार नाही.

राजसत्तेच्या पुनःस्थापनेनंतर बॅक्स्टरला किडरमिन्स्टरचे व्यासपीठ परत मिळाले नाही. १६६२ च्या कायद्यानंतर त्याच्यासारखे शेकडो पाळक पदच्युत झाले. परंतु १७४३ च्या अखेरीस जॉर्ज व्हिटफील्ड त्या गावी आला, तेव्हा बॅक्स्टरच्या कार्याचा सुगंध तेथे अद्याप दरवळत असल्याचे त्याला जाणवले. व्यासपीठ गेल्यावरही जे उरले, ते घराघरांत रुजले होते.

विसाव्या शतकात हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर चॅपेलचा मार्टिन लॉइड-जोन्स याने १९७१ च्या आपल्या ग्रंथात प्रवचनाची जागा दुसरे काहीही घेऊ शकत नाही, असे ठासून सांगितले. खरे प्रवचन अनेक वैयक्तिक प्रश्न परस्परच सोडविते, असे त्याचे मत. दुसरीकडे, बॅक्स्टरवर ऑक्सफर्डमध्ये प्रबंध लिहिणाऱ्या जे. आय. पॅकरच्या प्रस्तावनेसह ‘द रिफॉर्म्ड पास्टर’ १९७४ मध्ये पुनर्मुद्रित झाला. एकाच परंपरेतील ही दोन टोके आहेत, आणि त्यांतील ताण आजही मिटलेला नाही.

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांनी या पदासाठी ‘पाळक’ हा शब्द रूढ केला आहे. या शब्दात बोलण्याचा निर्देश नाही, सांभाळण्याचा आहे. कळपापुढे उभे राहून हाक घालणे हे मेंढपाळाचे काम खरेच, पण संध्याकाळी एकेक मेंढरू मोजून घेणे हेही त्याचेच काम. बॅक्स्टरने हाकेइतकीच मोजणीही आवश्यक मानली.