जेवणाच्या टेबलावरची इंग्रजी

गेल्या महिन्यात आमच्या कार्यालयातील एक शिपाईबंधू जी.पी.एफ.मधून पैसे काढण्याचा अर्ज घेऊन आमच्या टेबलाशी आले. सोबत एक गुळगुळीत रंगीत माहितीपत्रक होते. मुलगी बी.ए. झालेली. तिला बारा आठवडे इंग्लंडमध्ये, एका कुटुंबात राहून इंग्रजी शिकायला पाठवायचे होते. "तिथल्या घरात राहून शिकली की तिथंच नोकरी लागते, असं एजंट म्हणतो. भाऊ, अर्ज तेवढा नीट भरून द्या."

अर्ज भरण्यापूर्वी आम्ही माहितीपत्रक वाचले आणि दोन-तीन दिवस थोडी चौकशीही केली. वाचकहो, हा प्रकार मुळात खोटा नाही. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील बोर्नमथ, ब्रायटन, हेस्टिंग्ज या शहरांत इंग्रजी शिकविणाऱ्या अनेक लहान-मोठ्या शाळा आहेत. सकाळी वर्ग, आणि राहणे-जेवणे एखाद्या स्थानिक कुटुंबात. यालाच होमस्टे म्हणतात. मुले मोठी होऊन घराबाहेर पडलेली, खोली रिकामी पडलेली, अशी माणसे पैसे घेऊन विद्यार्थी ठेवतात. सकाळचा नाश्ता व रात्रीचे जेवण तेथेच. काही ठिकाणी तर शिक्षकाच्याच घरी राहायचे आणि त्याच्याकडेच शिकायचे.

खरी शाळा भरते ती रात्री जेवताना. मीठ मागायचे असते, उशीर का झाला ते सांगायचे असते, न आवडलेली भाजी न दुखावता नाकारायची असते. चूक झाली तरी कोणी गुण कापत नाही, ताट मिळतेच. सकाळी "ऑल राइट?" असे कोणी विचारले तर आपल्या प्रकृतीचा पाढा वाचायचा नसतो, तो नुसता रामराम असतो, हे कोणत्या व्याकरणात लिहिले आहे? उत्तर इंग्लंडात कित्येक घरी रात्रीच्या जेवणालाच 'टी' म्हणतात. चहा समजून नवखा माणूस आधीच पोटभर खाऊन यायचा!

मात्र घरात इंग्रजीच कानावर पडली तर हे साधते. म्हणून ब्रिटिश कौन्सिलच्या मान्यता योजनेत अट आहे की एकाच मातृभाषेचे दोन विद्यार्थी एका घरात ठेवू नयेत. विद्यार्थ्यांनी लेखी मागितले तरच सूट. एका घरी चारांहून अधिक विद्यार्थीही चालत नाहीत. आमच्या हातातील माहितीपत्रकात शाळेच्या मान्यतेचा उल्लेख कोठेच नव्हता.

आता हिशोब. युरोपात 2001 पासून भाषेच्या सहा पायऱ्या मानतात. एक पायरी चढायला साधारण दोनशे तासांचे शिकणे लागते, असा केंब्रिजच्या परीक्षा मंडळाचा अंदाज आहे. आठवड्याला पंधरा तास धरले तर बारा आठवड्यांत 180 तास. म्हणजे बापाच्या आयुष्यभराच्या शिलकीत एक पायरी. घरातले बोलणे जमेस धरा, फार तर दीड.

आणि नोकरी? सहा महिन्यांपर्यंतचा अभ्यासक्रम मान्यताप्राप्त शाळेत भेटीच्या व्हिसावर करता येतो, पण त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. सहा ते अकरा महिन्यांच्या इंग्रजी अभ्यासक्रमासाठी वेगळा व्हिसा आहे. त्यावरही कामाला मनाई. एजंटाने जे सांगितले ते कोणत्याच कागदात बसत नव्हते. हे ऐकून शिपाईबंधू बराच वेळ गप्प बसले. आम्हालाही कसेसेच झाले.

रविवारी मुलगी स्वतः आमच्या घरी आली. म्हणाली, "काका, नोकरीचं राहू द्या. मला इंग्रजी वाचलेलं सगळं कळतं. बोलायची वेळ आली की तोंड बांधल्यासारखं होतं. तिथं कुणी ओळखीचं हसायला नसतं, म्हणून जायचं होतं." यावर आमच्याजवळ हिशोब नव्हता.

आमच्या वस्तीत एक निवृत्त शिक्षिका एकट्याच राहतात. चाळीस वर्षे त्यांनी इंग्रजी शिकविले. त्यांच्याशी बोललो. आता आठवड्यातून चार संध्याकाळी ही मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी बाईंच्या घरी जातात, स्वयंपाक करतात, जेवतात आणि भांडी घासून परततात. उंबऱ्याच्या आत मराठी बंद. पहिल्याच दिवशी भात करपला, कारण 'करपतोय' हे इंग्रजीत कसे सांगायचे ते तिघींपैकी एकीलाही वेळेवर सुचेना. झाऱ्याला काय म्हणावे यावर बाईसुद्धा अडल्या आणि सगळ्या हसल्या. यजमानीण इंग्रज नाही, उच्चार आपल्याकडचेच, ही उणीव आहेच. ती आम्ही लपवीत नाही.

तो अर्ज अजून आमच्या खणात आहे. शिपाईबंधूंनी तो परत मागितलेला नाही आणि फाडायलाही सांगितलेले नाही.