चंदगडचा जिल्हा कोणता, हे नकाशाला कसे कळणार?

चंदगड आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. 31 ऑक्टोबर 1956 रोजी मात्र ते बेळगाव जिल्ह्यात होते. दुसऱ्याच दिवशी राज्य पुनर्रचना कायदा लागू झाला, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला एकटा चंदगड तालुका मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडला गेला. म्हणूनच 1951च्या जनगणनेतले चंदगड बेळगावच्या आकड्यांत शोधावे लागते आणि 1961चे कोल्हापूरच्या. मोबाइलवरचा नकाशा अक्षांश-रेखांशावर खूण करतो, रस्ता दाखवतो. हा इतिहास त्याच्या गावीही नसतो.

टिम बर्नर्स-ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001मध्ये मांडलेली सिमँटिक वेबची कल्पना इथे उपयोगी पडते. माहिती लहान लहान विधानांत लिहायची: चंदगड तालुका अमुक जिल्ह्यात, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, आधार अमुक. 2012मध्ये सुरू झालेला विकिडेटा असाच चालतो. तिथे प्रत्येक ठिकाणाला कायमचा क्रमांक असतो. गावाचे नाव बदलले, जिल्हा बदलला तरी क्रमांक तोच. अशा विधानांवरून काढलेल्या नकाशावर वर्ष मागे सरकवले की सीमाही मागे सरकतात. चंदगडच्या नद्यांचेही तसेच. ताम्रपर्णी घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. तिलारी मात्र घाट उतरून गोव्यात शापोरा होते आणि अरबी समुद्र गाठते. ‘मिळते’ हा संबंध प्रत्येक नदीपुढे नोंदवलेला असेल, तर एकाच तालुक्याचे पाणी दोन समुद्रांकडे कसे वाटले जाते, हे संगणक स्वतः रंगवून दाखवू शकतो. प्रशासकीय नकाशात सारा तालुका एकाच रंगाचा असतो.

रस्ता सापडला की झाले, एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. प्रवाशाला तेवढे पुरते. धरणाच्या पाण्याचा किंवा जुन्या जमीन-नोंदींचा माग काढणाऱ्याला पुरत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: जोडलेल्या माहितीत एक चूक शिरली की ती दहा नकाशांवर उमटते, आणि रंगीत नकाशावर लोक चटकन विश्वास ठेवतात. हा धोका खराच आहे. पण छापील नकाशातली चूक कुठून आली हे कळायलाही मार्ग नसतो. इथे विधानाला आधार जोडलेला असेल तर तो तपासता येतो आणि एका जागी केलेली दुरुस्ती पुढे पोहोचू शकते. म्हणून आधाराशिवायचे विधान नकाशावर फिक्या रंगात दाखवावे, असे माझे ठाम मत आहे.

हे काम दूरच्या शहरातले अभियंते एकटे करू शकणार नाहीत. चंदगडच्या शिक्षकांनी, ग्रंथालयांनी आणि जुनी कागदपत्रे जपणाऱ्यांनी आपल्या गावाची विकिडेटावरची नोंद उघडून पाहावी, आणि तारीख व आधार देऊन ती पुरी करावी.